थावरावर उठलेली कुत्री

मी ढोरांचा डॉक्टर. घाटंजीच्या बाजारात मला याच नावाने ओळखत. आता यवतमाळला घर करून बरीच वर्षं झाली, तरी एखादा म्हातारा रस्त्यात थांबून "काहो ढोरडॉक्टर, वळखलं का?" असं विचारतो तेव्हा मला बरं वाटतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात मी घाटंजीच्या गुरांच्या दवाखान्यात रुजू झालो. काम सगळं बैलांचं आणि म्हशींचं. घटसर्प, फऱ्या, खुरी, पोटात खिळा गेलेली म्हैस, पान्हा चोरणारी गाय. कुत्रं हे कामात धरलेलंच नव्हतं. कुत्र्याला डॉक्टर लागतो म्हटलं की बाजारातली माणसं हसायची.

तरी कुत्री यायचीच. खरं तर कुत्री मागून यायची, आधी त्यांनी चावलेली माणसं यायची. आणि प्रत्येकाचं वाक्य एकच असायचं, "एकदम चावलं सायेब, काही कारण नाही."

कुत्रं एकदम चावत नाही. चावण्याआधी त्याचं बरंच सांगून झालेलं असतं. त्याचं अंग ताठ होतं. धापा टाकणारं तोंड मिटतं. डोळ्याचा पांढरा भाग कडेनं दिसू लागतो. ते मान वळवून दुसरीकडे बघतं, नाकावरून जीभ फिरवतं. त्याच्या परीनं ते विनवत असतं, की बाबा, आता हो बाजूला. आपल्याला ते कळत नाही. आपण "अरे, अरे" करत हात आणखी पुढे करतो. शेपूट हलली की कुत्रं खूश, एवढंच आपण शिकलेलो. पण ढिली हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून नुसत्या टोकाशी थरथरणारी वेगळी. गुरगुरणारं कुत्रं अंतर मागत असतं, ते दिलं की बहुतेक वेळा भागतं. मला धास्ती वाटायची ती गप्प झालेल्या कुत्र्याची.

मुकुटबनला एका शेतकऱ्याकडचं कुत्रं फक्त त्याच्या म्हाताऱ्या आईला चावायचं, जी त्याला रोज भाकर घालायची तिलाच. घरात सगळे म्हणत, कृतघ्न जनावर आहे, गोळी घाला. मी त्याचं तोंड दोरीनं बांधून तपासलं तेव्हा कानाच्या आत बाभळीचा काटा मोडून बसलेला, पू झालेला. त्या घरात त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवणारी ती म्हातारी एकटीच होती. म्हणून चावा तिलाच. काटा काढला, जखम धुतली, संपलं.

सगळीच प्रकरणं अशी काट्यावर सुटत नसत. कुत्रं चावलं की ते पिसाळलेलंच, हा गावोगावचा समज. लाठ्या घेऊन माणसं निघायची. ज्याला चावलं त्याला यवतमाळला पाठवून पोटात सुया घ्याव्या लागत, आणि त्या सुयांच्या नावानं धट्टीकट्टी माणसं रडत. मी सांगायचो, मारू नका, बांधून ठेवा, खातं-पितं का बघू द्या. पिसाळलेलं असेल तर ते आपणच थोड्या दिवसांत मरतं, नसेल तर एक जीव वाचतो आणि एका पोटाच्या सुया वाचतात. काही ऐकत, काही ऐकत नसत.

या सगळ्यात सक्रू नायकाचं बोलावणं आलं ते वेगळंच होतं.

दोन-तीन हिवाळे झाले असतील मला तिथे. कापूस वेचणीचे दिवस होते. सक्रू नायक हा घाटंजीपासून जंगलाच्या अंगाला असलेल्या एका बंजारा तांड्याचा प्रमुख. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. त्याच्या बैलांना मी दोनदा टोचलेलं, म्हणून ओळख. त्या दिवशी तो दवाखान्यात आला आणि बाकावर बसलाच नाही.

"डाक्टरसायेब, कुत्रे पाहा लागते आमच्या तांड्यावरचे."

"किती आहेत?"

"सारेच."

"कोणाला चावले का?"

"नाई. अजून नाई. एकाच माणसावर उठतेत. थावरा म्हनून हाय एक. तांड्यातलाच हाय, जल्मापासून. तो घराभाईर निघाला का सारे कुत्रे उठतेत."

मी म्हटलं, "मारतो का तो कुत्र्यांना?"

"मुंगीले मारनार नाई तो."

"मग कुत्र्यांपेक्षा त्या माणसालाच पाहावं लागेल."

नायकानं दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "त्याच्यासाठीच आलो जी. तो मानूस हाय का नाई, तेवढं सांगा. मंग काय करायचं ते आमी पाहू."

ते शेवटचं वाक्य त्यानं धमकी म्हणून उच्चारलं नव्हतं. थकलेल्या माणसासारखं उच्चारलं होतं, आणि म्हणूनच मी लगेच औषधांची पेटी सायकलला बांधली.

वाटेत त्यानं मला समजेल असं सांगितलं. बंजाऱ्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवायचे. मुक्काम पडला की माल आणि बायकापोरं कुत्र्यांच्या भरवशावर. आपलं कोण, परकं कोण हे कुत्र्यानं ठरवायचं. "कुत्र्यानं ज्याले आत येऊ नाई देल्लं, त्याले आमच्या आज्यानं कधी आत घेतलं नाई. आता कुत्रे आपल्याच मानसाले परका म्हनून राह्यले, तर आमी कोनाचं आयकाव?"

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. बरीच माणसं वेचणीला गेलेली. टेकाडाच्या कुशीत पंचवीस-तीस कुडाची घरं, मधे मोकळं अंगण, एका बाजूला बैलांची दावण. कुत्री माझ्या अंगावर येतील म्हणून मी सायकलवरून आधीच उतरलो, पण त्यांनी नुसतं भुंकून नायकाकडे पाहिलं आणि शेपट्या ढिल्या सोडल्या. उंच, लांब तोंडाची, बरगड्या दिसणारी, चपळ जात. मी एकेकाला जवळ घेऊन तपासलं. तोंडं उघडून पाहिली, कान पाहिले. एकालाही काही नव्हतं. एक भुरकट रंगाचं मोठं कुत्रं तर माझ्या मांडीला टेकून बसलं. त्याचं नाव भुऱ्या. "थावराचाच हाय हा," नायक म्हणाला. "त्याच्या हातचं खाऊन वाढला."

मी म्हटलं, "बोलवा त्याला."

नायकानं हाक मारली नाही. तांड्याच्या टोकाला एक घर सगळ्यांपासून जरा सुटं होतं, तिकडे बघून नुसता हात वर केला. अंगणात चार-दोन बायका होत्या, त्या मुलांना धरून आत गेल्या. कुणी दार लोटल्याचा आवाज आला.

त्या घरातून एक माणूस बाहेर आला. चाळिशीचा असेल. डोक्याला मळकं मुंडासं, चेहरा गरीब, चालताना एका पायावर जरा लंगडत होता. मला त्याच्यात काहीच भयंकर दिसलं नाही.

माझ्या मांडीला टेकलेला भुऱ्या उठला. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले. मग दुसरं कुत्रं उठलं, मग तिसरं. एकही भुंकलं नाही. मी जन्मात इतकी कुत्री एका वेळी इतकी गप्प पाहिली नव्हती. शेपट्या पोटाखाली, अंग जमिनीलगत, ओठ मागे ओढलेले. ती त्याच्याकडे धावली नाहीत. हळूहळू पसरत गेली आणि त्याच्याभोवती एक मोठं कडं झालं. तिकडे दावणीला सगळ्या बैलांनी एकदम माना वर केल्या आणि नाकातून जोरात फुसकारले. त्यानंतर अंगणात बाकी आवाजच राहिला नाही.

थावरा मधोमध थांबला. त्यानं मला हात जोडले.

"पाहा सायेब," तो म्हणाला.

माझ्या स्वतःच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. मी शिकलेला माणूस, पण त्या क्षणी मीसुद्धा त्याच्या पायांकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू?

भुऱ्या सगळ्यांच्या पुढे होता. तो थरथरत होता आणि त्याच्या पायांखाली जमीन ओली झाली होती. तेवढं मला दिसलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. हल्ला करायला निघालेलं कुत्रं असं मुतत नाही. हे कुत्रं घाबरलं होतं, मरणाचं घाबरलं होतं. आणि अशा कुत्र्यापुढे पळणारा माणूस वाचत नाही.

"थावरा, पळू नको," मी म्हटलं. "त्याच्याकडं पाहू नको. बाजूनं वळ. हात खाली सोड. आता एकेक पाऊल घराकडं."

तो वळला आणि तेवढ्यात त्याचा दुखरा पाय दगडावर मुरगळला. तो झोकांडी खाऊन वाकला आणि भुऱ्यानं झेप घेतली. मी हातातली पेटी मधे घातली. दात पेटीच्या कातडी पट्ट्यात रुतले. नायकानं मागून भुऱ्याच्या गळ्यातली दोरी धरली. कुत्रं पट्टा सोडीना, पण डोळे थावरावर नव्हते. डोळे घट्ट मिटलेले होते त्याचे.

थावरा घरात गेला, ताटी लावली गेली, तशी कुत्री सैल झाली. काही जागच्या जागी आडवी झाली, जणू मोठं काम करून दमली होती.

मी त्याच्या घरात जाऊन बसलो. आत कापराचा वास येत होता. चूल थंड होती. त्याची बायको जमना लहान मुलीला घेऊन दिराच्या घरी राहायला गेली होती. सकाळ-संध्याकाळ ती घरासमोरच्या दगडावर भाकर ठेवून जायची. त्याला हाक मारायची नाही.

"कधीपासून असं?" मी विचारलं.

"पोया झाला तवापासून," तो म्हणाला. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांचे बैल तोरणाखाली उभे होते. तो आपली जोडी घेऊन उभा राहिला आणि आजूबाजूचे बैल दावं तोडून उधळले. त्याचे स्वतःचे बैल त्याला जू घालू देईनात. मग शेळीनं पान्हा चोरला. मग कुत्री. त्याच दिवसांत नाल्याच्या अंगाला वाघानं एक कालवड नेली. वाघाचे पंजे थावराच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आले होते आणि तिथेच संपले होते. पलीकडे खडक होता, खडकावर पंजा उमटत नाही, हे तांड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ते आठवायची कुणाची तयारी नव्हती.

"लोक काय म्हणतात?"

"म्हनतेत का रातच्याले मी वाघ होतो."

"आणि तू काय म्हणतोस?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायेब, भुऱ्याले कोवळा होता तवापासून म्या पोसलं. तो खोटं कायले करन? मलेच आता वाटून राह्यलं. झोपेत कुठं जातो का मी? सकायी उठतो तं पाय लय दुखतेत, चालून आल्यासारखे."

हे त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. रडला असता, चिडला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो खरोखर माझ्याकडून उत्तराची वाट पाहत होता.

"पाय दाखव."

"नाई," तो पटकन म्हणाला आणि धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं. "पायाले काई नाई झालं. पावसायात बंडीवरून पडलो होतो, तेवढंच."

आत्ताच तो पाय दुखतो म्हणाला होता. मी जोर केला नाही. त्याच्याकडून रात्रीचं पांघरूण आणि एक धुवायला ठेवलेलं धोतर मागून घेतलं. बाहेर येऊन पांघरूण एका कुडावर टाकलं आणि धोतर दुसऱ्यावर. कुत्र्यांनी पांघरुणाचा वास घेतला, मागे झाली, गुरगुरली. धोतराजवळ मात्र एकही गेलं नाही. लांबूनच त्यांचं कडं होऊ लागलं. आत माणूस नव्हता. वाऱ्यावर हलणारं एक मळकं धोतर होतं आणि त्याच्याभोवती तेच गप्प कडं. नायक माझ्या शेजारी उभा होता, त्याचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथेच राहिला.

तेव्हा मला आठवलं. मी नवा असताना बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांनी टिपेश्वरकडच्या रानात वाघ मारला होता. त्या काळी परवाना मिळे. मेलेला वाघ बंडीत घालून घाटंजीच्या रस्त्यानं आणला, बघायला अर्धं गाव लोटलं. गावातली कुत्री मात्र अशीच, शेपट्या पोटाखाली घालून, लांब कडं करून उभी होती आणि एकही भुंकत नव्हतं. बंडीचे बैल तर हाकणाऱ्याला दोन वेळा बदलावे लागले होते.

"नायक," मी म्हटलं, "याच्या अंगाला वाघाचा वास आहे."

म्हणून झाल्यावर मला कळलं, की हेच तर सगळा तांडा तीन महिने म्हणत होता. नायकाचा चेहरा राखेसारखा झाला.

"तसं नाही. बाहेरून लागलेला वास. काहीतरी लावतो हा अंगाला."

कुडाच्या पलीकडे जमना उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, कडेवर मुलगी. ती म्हणाली, "त्याच्या धोतराले गुडघ्यापाशी डाग पडते. तेलाचा. राखेनं घासलं तरी जात नाई. घर सोडाच्या आंधी म्या इचारलं तं बोलला नाई."

मी आणि नायक आत गेलो. जमना उंबऱ्याबाहेरच थांबली. मी थावराला सरळ विचारलं, "गुडघ्याला काय लावतोस?"

त्यानं मान हलवली. "सांगतलं तं गुन जाते, असं म्हनला तो देनारा. पाय मोडला तं वावर कोन करन?"

"थावरा," जमना बाहेरून म्हणाली, "पाय गेला तं मी करतो वावर. सांग."

तीन महिन्यांत तिनं त्याला नावानं मारलेली ती पहिली हाक असावी. तो उठला, तुळईच्या खोबणीत हात घातला आणि बांबूचं एक नळकांडं काढलं. तोंडाला चिंधी कोंबलेली. बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका फिरत्या माणसाकडून पोळ्याच्या आधी घेतलेलं. कापूर, ओव्याचं तेल, आणि त्यांत कालवलेली वाघाची चरबी. माणसाच्या नाकाला फक्त कापूर कळत होता.

मी चिंधी काढली. घराची ताटी बंद होती, बाहेरच्या कोणालाच आत दिसत नव्हतं. थोड्या वेळानं वारा फिरला असेल. बाहेर दावणीचा खुंटा उपटल्याचा आवाज आला, बैल हंबरले, आणि मग तांड्यातली सगळी कुत्री एकदम रडू लागली. भुंकणं नव्हे ते, तोंड वर करून काढलेला लांब सूर. मी चिंधी परत कोंबली तरी तो थांबायला वेळ लागला. नायक भिंतीला टेकून उभा होता. काय ते त्याला कळलं होतं, तरी तो भिंतीपासून हलेना.

नळकांडं आम्ही जमनाला दाखवलं आणि तांड्यापासून लांब, खडकातल्या खोल खड्ड्यात पुरलं. धोतरं, पांघरूण जाळली. थावराला रिठ्यानं आणि राखेनं घासून घासून न्हाऊ घातलं, रोज न्हायला सांगितलं, शेणकुटाच्या धुरात बसवलं, आणि अंगाला गुरांचा वास लागावा म्हणून गोठ्यात, बैलांपासून लांब, कडब्यावर निजायला सांगितलं. पायाला गरम विटेचा शेक, दुसरं काही नाही.

एवढ्यानं काम झालं असं नव्हे. वास जातो, पण जनावराच्या मनात बसलेली भीती वासाबरोबर जात नाही. भुऱ्यानं आपल्या धन्यावर झेप घेतली होती, त्याची आठवण दोघांनाही होती. ते मी थावराला नीट समजावलं. रोज संध्याकाळी अंगणात लांब जाऊन बसायचं, कुत्र्यांकडे पाठ करून. जवळ भाकरीचे तुकडे टाकायचे. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, कुत्रं जवळ आलं तरी वळून बघायचं नाही. यायचं की नाही ते त्यानं ठरवू द्यायचं. आणि इतरांनी काठ्या घेऊन उभं राहायचं नाही. सर्वात अवघड तेच होतं. नायकानं स्वतः काठ्या गोळा केल्या.

मी मधून मधून जात होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भाकरीचे तुकडे तसेच पडलेले, त्यांवर मुंग्या. थावरा पाठ करून बसलेला, मागे कुत्र्यांचं कडं, पण आता ती बसलेली होती. पुढच्या खेपेला तुकडे नव्हते. एकदा मी आणि नायक बघत असताना भुऱ्या सरपटत पुढे आला. थांबला. परत गेला. पुन्हा आला. थावराच्या पाठीला नाक लावलं, बगलेत लावलं, मानेला लावलं. त्या माणसाच्या खांद्यांवरून मला दिसत होतं की तो श्वास कोंडून बसलाय. त्याला पाठीमागचं काही दिसत नव्हतं, कुत्रं जवळ आहे एवढंच कळत होतं, आणि दात बसणार की नाही हे कळत नव्हतं. तरी तो वळला नाही. भुऱ्यानं एक मोठा सुस्कारा टाकला आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसला.

तेव्हा थावरा रडला. वळायचं नाही म्हणून समोर बघतच रडत होता.

होळीच्या सुमारास बैलांनी त्याचं जू घेतलं. तांड्यात तो मोकळा हिंडू लागला. नायकानं सगळ्यांना बोलावून काय झालं होतं ते सांगितलं, त्या खड्ड्याची जागाही दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मी त्यानंतर लसी टोचायला गेलो तेव्हा एक गोष्ट पाहिली. थावरा अंगणात आला की लोक त्याच्याशी बोलायचे, हसायचेसुद्धा. पण त्याआधी प्रत्येकाची नजर कुत्र्यांकडे जायची. कुत्री निवांत आहेत असं दिसलं की मग तोंडावर हसू यायचं. लहान पोरंही तसंच करायला शिकली होती. वाघाचे पंजे त्या उन्हाळ्यातही नाल्याकडून आले, जंगलच जवळ होतं, येणारच. ते कोणत्या धुऱ्याला थांबतात हे बघायला माणसं सकाळी उठून जात.

पुढच्या पावसाळ्याआधी थावरानं वावर भावाला करायला दिलं आणि बायको-मुलीला घेऊन दुसऱ्या तालुक्यात जमनाच्या माहेरच्या तांड्यावर गेला. तिकडे ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. भुऱ्या बंडीच्या मागे मागे गेला असं नायकानं सांगितलं. थावराचं जाणं नायकाला लागलं होतं. "कुत्र्यायनं त्याले परत घेतलं जी," एवढंच तो म्हणाला.

माझी बदली व्हायच्या वर्षी जमना मला घाटंजीच्या बाजारात भेटली. डोक्यावर टोपलं, हातभर बांगड्या, मुलगी चांगली उंच झालेली. मी सगळ्यांची विचारपूस केली. थावराचा पाय अधू राहिला, पण काम करतो. वावर मक्त्यानं केलंय. भुऱ्या म्हातारा झाला, ऐकू कमी येतं, दाराशी पडून असतो.

"म्हणजे सगळं ठीक आहे आता," मी म्हटलं.

"ठीक हाय जी." ती जरा घुटमळली. मुलीला तिनं बांगड्यांच्या दुकानाकडे पाठवलं. मग म्हणाली, "तुमाले सांगतो सायेब, कोनाले नाई सांगत. मले समदं समजलं होतं, ते नयकांडं म्या डोयानं पाह्यलं. मी त्याच्या बाजूले निजतो. पन रातच्याले जाग आली ना, तं मी पह्यले भुऱ्याचा आवाज घेतो. तो घोरत असन, तं मंग डोया लागते."

"आणि थावरा?" मी विचारलं. "त्याला माहीत आहे हे?"

"तोबी जागाच असते," ती म्हणाली. "तोबी तेच आयकत असते."